पडद्याची अक्षरं

"अण्णा, बोर्ड सरळ लागलाय का ते जरा पलीकडून बघा," फ्लेक्सवाला शिडीवरून ओरडला.

अण्णांनी लेकीला पुढे केलं. "हिला विचार. पुण्यात अक्षरांचंच काम करते ती."

केतकीने वर पाहिलं. 'दुकान कायमचे बंद'. फॉन्ट तिनेच केलेला होता. लहानपणी अण्णांच्या टीव्ही दुरुस्तीच्या या दुकानात, उघड्या पडलेल्या जुन्या डब्यासारख्या टीव्हींसमोर बसून ती गृहपाठ करायची. पुढे फॉन्ट आखायला घेतला तेव्हा प्रत्येक अक्षराला तिने त्याच टीव्हींच्या पडद्याचा आकार दिला: जाडजूड, चौकोनी, कोपऱ्यांना गोलाई. व्यायामशाळांच्या पाट्यांपासून कबड्डीच्या बनियनपर्यंत तो सगळीकडे पोचला, पण तो आकार कुठून आला हे अण्णांना तिने कधी सांगितलं नव्हतं. आज सांगावं म्हणून तिने तोंड उघडलं.

"अक्षरं जरा आडवी ताणलीत हं, ताई," फ्लेक्सवाला म्हणाला. "बोर्ड लांबट होता ना."

एरवी ती भांडलीच असती. आता तिने ती ताणलेली अक्षरं पुन्हा एकदा वाचली.

अण्णा शेजारी येऊन उभे राहिले आणि एकदम हसले. "अगं, ही अक्षरं तर थेट त्या भिंतीवर टांगायच्या चपट्या टीव्हीसारखी दिसतात! ज्यांनी मला घरी बसवलं, त्यांचीच वरात माझ्या दारावर."

"बोर्ड सरळ आहे," केतकी म्हणाली, आणि शिडी धरायला पुढे झाली.