घसरगुंडीखालची माती

"ओळखा पाहू काका, ही कुणाची बाग?" माती तपासायला आलेल्या बाईंनी हातातला टॅब म्हाताऱ्या माळ्यापुढे धरला.

पडद्यावर त्याचीच बाग होती, आभाळातून पाहावी तशी. दर वीस पावलांवर एक ठिपका. गेल्या महिन्यात बाईंनी गिरमिट फिरवून जिथं जिथं माती काढली होती, तिथं तिथं. सगळे ठिपके हिरवे. एकच लालभडक, घसरगुंडीच्या पायथ्याशी.

"हिरवं म्हणजे माती चांगली. लाल म्हणजे विष," बाई म्हणाल्या. "कीड मारायचं जुनं औषध, आता बंदी आलेलं. पण आजूबाजूला कुठंच नाही, मग इथंच कसं? साहेब म्हणतात, एकटा ठिपका म्हणजे तपासणीतली गफलत. पुसा आणि नकाशा पाठवून द्या. म्हटलं, आधी काकांना विचारू. इथं पूर्वी काय होतं हो?"

"काय असणार? गवत."

"नुसतं गवत?"

"गवतच की. तुमचं यंत्र चळलं असेल, ताई. आमचा मुकादमही असाच, काम एकीकडे आणि बोट भलतीकडे."

बाई खळखळून हसल्या. माळीही हसला, तोंडदेखलं.

घसरगुंडीवरून एक पोरगी सुर्रकन खाली आली, तिथंच फतकल मारून बसली आणि दोन्ही हातांनी माती उकरू लागली. माळ्यानं मान फिरवली.

तिथं गवत कधीच नव्हतं. अवजारांची खोली होती. खोलीमागं तो फवारणीचे पंप धुवायचा, उरलंसुरलं औषधही तिथंच ओतायचा. बावीस वर्षं. पुढं खोली पाडली आणि घसरगुंडी बसवली. त्या दिवशी तोंड उघडायला हवं होतं. पण नोकरीवर गदा येईल म्हणून तो मूग गिळून बसला.

"बरं, मग जाऊ दे," म्हणत बाईंनी लाल ठिपक्यावर बोट ठेवलं. काढून टाकायचा का, असं पडद्यानं विचारलं.

"थांबा, ताई." माळ्यानं टॅबवर आपला मातकट पंजाच ठेवला. "पंप धुवायचो मी तिथं. उरलेलं ओतायचो. ठिपका खरा आहे."

बाईंचा आवाज मऊ झाला.

"तुम्हाला काय कल्पना, काका? हे विष इतकी वर्षं मातीत राहतं, हे तेव्हा कुणाला माहीत होतं?"

माळ्यानं पंजा काढून घेतला. पडद्यावर मातीचे डाग राहिले.

"माझी नात याच बागेत लहानाची मोठी झाली, ताई," तो म्हणाला. "त्या घसरगुंडीवर मी तिला एकदाही बसू दिलं नाही."