फ्रिजवरचे सहा विषय

“जरा चाळणी देतेस का गं?” म्हणत थोरली जाऊ धाकटीच्या स्वयंपाकघरात शिरली. वरच्या मजल्यावर तिच्या स्वतःच्या दोन चाळण्या खिळ्याला लटकत होत्या.

धाकटी ओट्याखाली वाकली. तेवढ्यात थोरलीने फ्रिजवर चिकटवलेला कागद वाचून घेतला. भाषा, इतिहास, व्यवहारातलं गणित, आरोग्य, शिवणकाम, चित्रकला. एकेक अक्षर शेंगदाण्याएवढं. मिरवायची हौस, दुसरं काय!

“विषय ठरले वाटतं?”

धाकटी दचकली. चाळणी हातात घेऊन ती कागदाच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. “तेवढं कुणाला बोलू नका हं, ताई.”

“मी कशाला बोलू? मला काय करायचंय?” थोरली म्हणाली आणि जिना चढताना सहाही विषय पुटपुटत गेली.

दोघींच्या मुली चौदा वर्षांच्या. थोरलीने चिमीला शाळेतून काढून घरी शिकवायला घेतलं, तर वर्षाच्या आत धाकटीनेही ठकूला काढलं. त्याबद्दल थोरलीची तक्रार नव्हती. पण मागच्या परीक्षेत ठकूला चिमीपेक्षा चार मार्क जास्त पडले, आणि ते चार मार्क थोरलीच्या घशात अजून अडकलेले होते.

त्याहून जास्त खुपत होत्या सासूबाई. राहायला थोरलीकडे, जेवायला थोरलीकडे, गोळ्या थोरलीच्या हातून. पण दहाचा ठोका पडला की म्हातारी जिना उतरून धाकटीकडे, ती थेट बारापर्यंत. तेही आतल्या खोलीचं दार लावून! गेल्या महिन्यात नवा चष्माही करून घेतला. ठकूचा अभ्यास घेत असणार. चिमीच्या वहीला कधी बोट लावलं नाही बाईने.

आता नववी. परीक्षा मंडळाचं काम साधं होतं. शाळेचा दाखला नको, काही नको. घरी शिकणाऱ्याने ऑनलाइन फॉर्मवर सहा विषय भरायचे आणि आज संध्याकाळी पाचच्या आत पाठवायचे. एकदा पाठवले की दोन वर्षं बदल नाही.

वर चिमी टेबलावर बंद पडलेला पंखा उघडून बसली होती.

“आई, भरला फॉर्म. भौतिक, रसायन, मोठं गणित...”

“पूस ते. मी सांगते ते घाल.”

चिमीने सहा विषय ऐकले आणि ती हसली. “शिवणकाम? मी? अगं, मला बटण लावता येत नाही.”

“शिकशील. त्यात पैकीच्या पैकी मार्क पडतात. ठकूने उगाच घेतलंय का?”

“ठकूने भौतिक घेतलंय. कालच म्हणाली मला.”

“तसं सांगायला तिच्या आईने पढवलंय. तू भौतिकात आपटायचं आणि तिने चित्रं रंगवून पहिलं यायचं. मी या डोळ्यांनी वाचून आलेय.”

चिमीचं हसू गेलं. तिने पाना खाली ठेवला. “मला इंजिनियर व्हायचंय. भौतिक नसेल तर पुढे दारात उभं करणार नाही कुणी.”

“पहिली ये. पहिल्या आलेल्याला सगळी दारं उघडतात.”

जिन्यावर पावलं वाजली. बारा वाजले होते. सासूबाई आल्या, चष्मा कपाळावर, उजव्या बोटाला शाई. नातीचा चेहरा पाहून त्या दारातच थांबल्या.

“काय झालं गं पोरीला?”

“काही नाही. तुमची लाडकी खाली आहे, तिची काळजी करा.”

“विषयांवरून का? घेऊ दे गं तिला तिच्या मनाचे. मनाजोगतं शिकायला मिळालं नाही की कसं होतं, ते मला विचार.”

“तुम्हाला काय विचारायचं, आई? तुम्ही चौथीत पाटी ठेवलीत.”

म्हातारी मोरीकडे वळली. नळाखाली बोट धरून शाई चोळत राहिली. शाई काही गेली नाही.

साडेचार झाले तरी चिमीने विषय बदलले नव्हते. मग थोरलीने स्वतःच लॅपटॉप पुढ्यात ओढला, फॉर्मवरचं सगळं पुसलं, तोंडपाठ विषय भरले आणि पाठवायचं बटण दाबलं. चिमी उठली. अर्धा जोडलेला पंखा तिने पुन्हा खोक्यात टाकला आणि झाकण लावलं.

पाच वाजून दहा मिनिटांनी मंडळाचा निरोप आला. शिवणकामाच्या वर्गाला यंदा दोनच विद्यार्थी, यादी सोबत.

थोरली खुर्चीत मागे रेलली. दोनच! म्हणजे चिमी आणि ठकू. आता बघू चार मार्क कुणाला जास्त पडतात ते. तिने यादी उघडली.

पहिलं नाव चिमीचं होतं, वय चौदा. दुसऱ्या नावापुढे वय होतं एकाहत्तर, आणि पत्ता थोरलीच्याच घरचा.