आक्का म्हण

"मॅडम न्हाय रं, आक्का म्हण," कमलाआजींनी नातवाला आजही दटावलं.

सोनलचं डोकं सणकलं. आक्का काय आक्का! ती शिकवायला येते, का ह्या पोराची थोरली बहीण लागून गेली?

पीयूसीचा, म्हणजे बारावीचा निकाल लागला आणि आठवड्यात निपाणीतल्या या घरची शिकवणी मिळाली. तिसरीतल्या श्रेयसला सुट्टीभर कन्नड शिकवायचं. आईनंच शोधून दिली होती. पगार असा, की बेळगावच्या होस्टेलची सोय व्हावी. बाबा गेल्यापासून घरात आई आणि ती दोघीच. हे पैसे नसते तर कॉलेज विसरा. म्हणून सोनल सगळं निमूट गिळत होती.

श्रेयसला जोडाक्षरं काही केल्या जमेनात. कन्नडातला एकच शब्द तो मनापासून म्हणायचा, "साकू!" म्हणजे पुरे. आणि परीक्षा कुणाची चाललेली? सोनलची!

"दिवस मावळायच्या आत जेवतासा न्हवं घरात?" आजी जैन रीतिभाती चाचपत विचारायच्या.

"व्हय, आजी."

"कांदा-बटाटा?"

"न्हाय आणत."

"शेंगाची चटणी धाडलेली, आईनंच कुटली व्हय? लई झ्याक हाय."

त्यात श्रेयसचे वडील, सुकुमार. बायको जाऊन चार वर्षं झालेली. दुकान सोडून नेमके शिकवणीच्या वेळी घरी यायचे. "घरी बरं हाय न्हवं?" एवढंच विचारायचे आणि कान लाल करून आत जायचे.

पाणी कुठं मुरतंय ते सोनलला कळून चुकलं. एवढा पगार कोण उगीच देतंय? चाळिशी उलटलेला माणूस, लाज कशी वाटत नाही! आईला सांगावं, तर तीच रोज पदराशी चाळा करत विचारायची, "आज ते होते का गं घरात?"

म्हणजे आईपण सामील! सोनल त्या दिवशी न जेवताच उठली.

शिकवणीच्या शेवटच्या दिवशी आजींनी पगाराचं पाकीट दिलं. वर नारळ ठेवला.

"आईला सांग, रविवारी येतो आम्ही. ठरवूनच टाकू."

"मला लगीन करायचं न्हाय!" सोनल ओरडलीच. "ठेवा तुमचे पैसे! मला बेळगावला शिकायचंय. आन् ह्यांच्यासंगं? माझ्या बापाच्या वयाचे हाईत ह्ये!"

दारात उभे असलेले सुकुमार जागीच थिजले. आजींनी कपाळावर हात मारला.

"अगं बया! तू खुशाल जा की बेळगावला. तुला कुणी मागितलंय?"

श्रेयसनं वहीतून मान वर केली.

"आजी, तिची आई आता माझीबी आई हुणार, हे आक्काला कुणी सांगितलंच न्हाय व्हय?"