सतराव्या पानावरचा गोल

वाचलेलंच पुस्तक पुन्हा घरी येऊ नये म्हणून इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या एका गावातली म्हातारी माणसं वाचनालयाच्या पुस्तकांत पेन्सिलीने हळूच खूण करून ठेवायची. हिल्डाच्या नवऱ्याची, क्लिफर्डची, खूण म्हणजे सतराव्या पानावर गोल. क्लिफर्ड गेला, तशी ती त्याच्या लाडक्या हौशी गुप्तहेर बाईच्या कादंबऱ्या एकेक करून आणू लागली. प्रत्येक गोलाला खेटून एक फुली होती.

“डोरीन, ही फुली कुणाची गं?”

“मला काय माहीत बाई! तुझ्या त्या गुप्तहेरणीलाच विचार,” ग्रंथपाल हसली. “हे घे, तिचं नवं पुस्तक. गेल्याच महिन्यात आलंय. बिचाऱ्या क्लिफर्डचं तेवढं वाचायचं राहिलं.”

हिल्डाने तिथेच, उभ्या उभ्या सतरावं पान उघडलं.



फुली होती. आणि तिला खेटून, त्याच परक्या हाताने काढलेला गोल.