केसभरही झीज नाही
जड मालगाड्यांच्या चाकांची झीज कमी करायची, म्हणून आमच्या मोठ्या साहेबांनी एक चाक डिझाइन केलं होतं. मीही एक चाक डिझाइन करून दिलं होतं, पण त्या कागदावर ते वर्षभर चहाचा कप ठेवत होते. आज चाचणी संपवून त्यांच्या चाकांची वॅगन यार्डात परत आली. साहेबांनी चाकावरून असा हात फिरवला, जणू शर्यत जिंकलेला घोडाच. “वर्षभर लोखंडाचं खनिज वाहिलं, पण केसभरही झीज नाही! आता सगळ्या गाड्यांना हीच बसवायची,” ते म्हणाले आणि मागची होयबांची रांग डोलू लागली. मला राहवेना. मी शिडी चढून वॅगनमध्ये डोकावले. तळाचा रंग कोरा करकरीत होता; त्यावर खनिजाचा खडाही कधी पडलेला नव्हता. पडणार कसा? साहेबांनीच वॅगनवर हातभर अक्षरांत रंगवून घेतलं होतं, “नवी चाकं, जपून वापरा.” खाणीवरच्यांनी ती इतकी जपली, की वर्षभर रिकामीच पळवली. “साहेब, जरा वर येऊन तळ बघा,” मी म्हणाले. ते चढले, वाकले आणि त्यांचा चेहरा उजळला. “वा! तळालासुद्धा ओरखडा नाही! चाक चांगलं असलं, की अख्खी गाडी टिकते.” खाली टाळ्या पडल्या. या दगडापुढे काय बोलायचं? मी यार्डातल्या क्रेनवाल्याला हाक मारली, “दादा, ही काठोकाठ भरा.” साहेब शिडीवरून पडता पडता वाचले. “अहो बाई, वेड लागलंय का? माल भरला तर चाकं झिजतील ना!”