सुती कागदावरचा चेहरा

त्यांच्या फोटोच्या दुकानात प्रिंटरचं सेटिंग बायको लावायची आणि कागद तो घालायचा. ती गेल्यावर घरात लावायला त्याने तिचा सहलीतला हसरा फोटो जाड सुती कागदावर छापायला घेतला. दर वेळी चेहरा राखेसारखा येई, दवाखान्यातल्या शेवटच्या दिवसांत होता तसा.

मुलीने प्रिंट बघून कपाळाला हात लावला.

"बाबा, कागद हा बिनचकाकीचा, मॅट घातलात आणि सेटिंग चकचकीत ग्लॉसीचंच ठेवलंत. आईने चांगलं फैलावर घेतलं असतं तुम्हाला."

तिने सेटिंग बदललं. गालांवर लाली घेऊन बायको हळूहळू बाहेर आली. तो स्टुलावर टेकला आणि डोळे पुसू लागला.

"रडताय कशाला? चार कागदच तर वाया गेले."

"कागदाचं नाही गं. मला वाटत होतं, माझ्या डोळ्यांतच ती आजारी राहिली."