उलटा टाका

“नजर गेली? माझी?”

आक्कानं चष्मा काढून ठेवला, सुईत दोरा ओवला आणि सुई थोरल्या मुलाच्या नाकासमोर धरली. “घे, बघ. भोक तुला तरी दिसतंय का?”

थोरला नुकताच कामावरून आला होता. कमरेचा किल्ल्यांचा जुडगाही अजून सोडला नव्हता. “तसं नाही गं आई. कोर्टात भलभलतं विचारतात. शिकल्यासवरलेल्यांची बोबडी वळते तिथं. त्यात तू...”

“त्यात मी दुसरी नापास. बोल की, घाबरतोस कशाला?”

“लोक हसतील. कळव उद्या, ताप आलाय म्हणून.”

“ताप तुझ्या बोलण्यानंच आलाय मला,” आक्का म्हणाली. विषय संपला.

दुपारी सरकारी वकीलबाई दुकानात येऊन गेल्या होत्या. रफू करणारे गावात तिघं होते, पण फाटलंच नव्हतं असं वाटायला लावणारी एकटी आक्का. एका गोदामाच्या मालकानं हाताखालच्या पोरीवर बळजबरी केली होती. त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. पोरीच्या शर्टाची बाही खांद्यापासून कोपरापर्यंत फाटल्याचं पोलिसांच्या कागदावर होतं, आणि शिक्षा बरीचशी त्यावरच उभी होती. आता अपिलात मालकाच्या वकिलानं सीलबंद पुडकं उघडायला लावलं, तर आत शर्ट अख्खा! प्रयोगशाळेनंही फाटल्याची खूण नाही म्हणून लिहून दिलं. मग काय, कागद खोटा, पोरगी खोटी, झालं ते राजीखुशीचं. शर्ट कोणा जाणकाराला दाखवू द्या, असं वकीलबाईंनी मागून घेतलं होतं.

“पोरगी काय म्हणते?” आक्कानं विचारलं होतं.

“फाटला होता म्हणते. पण हल्ली तिचंच तिला खरं वाटेनासं झालंय.”

तेव्हापासून आक्काच्या तोंडाची चव गेली होती.

थोरल्याची बायको शेजारी बसून हात बसवत होती. थोरला अधूनमधून आपल्या साहेबलोकांच्या घरचे कपडे आणायचा, त्यावर ती शिकायची. “आई, शेवटचा टाका तुम्ही नेहमी उलटा का घालता? कोणाला दिसतही नाही तो.”

“मला दिसतो ना. आपलं लेकरू गर्दीत ओळखू यायला नको?” आक्कानं दोरा दातानं तोडला. “आणि माझं ते दिव्याचं भिंग पिशवीत टाक. थोरल्यानं हौसेनं आणलंय गेल्या साली. कोर्टालाही दिसू दे.”

सकाळी थोरला न जेवताच निघून गेला होता. आक्का सुनेला घेऊन वेळेआधी पोचली.

कोर्टात मालक बाकावर बसून एका नखानं दुसऱ्या नखातला मळ काढत होता. पोरगी भिंतीकडच्या खुर्चीत होती. बाही ओढून ओढून तिनं तळहातापर्यंत आणली होती. मालकाचा वकील मात्र लग्नाला आल्यासारखा खुशीत. “ती ओरडली नाही,” तो म्हणाला. “पळाली नाही. शर्ट शाबूत. आता यात नकार कुठं शोधायचा?”

कापडाला कात्री लावायच्या आधी आक्का गिऱ्हाइकाला तीनदा विचारायची. गिऱ्हाईक गप्प राहिलं, तर कात्री खाली ठेवायची. दुसरी नापास बाईला जे कळतं, ते ह्या काळ्या डगल्याला कळू नये? का कळूनही पोट भरायला बोलत होता? तिला तिथंच थुंकावंसं वाटलं.

मुद्देमालाच्या खोलीतला कारकून पुडकं घेऊन आला. त्यानं सील फोडलं, शर्ट टेबलावर ठेवला आणि मान खाली घालून बाजूला उभा राहिला. आक्काचं लक्ष कापडावर होतं.

“किती शिकलात, बाई?” वकिलानं विचारलं.

“तुम्हाला पुरेल एवढी.”

मागं कोणीतरी फिसकन हसलं. वकिलानं मेलेला उंदीर उचलावा तसा दोन बोटांत शर्ट धरून पुढं केला. आक्कानं तो दोन्ही हातांत घेतला, उलटा केला, भिंगाचा दिवा लावला. खांद्यापासून ती एकेक धागा बघत खाली आली. कोपराशी तिचा हात थांबला. तिनं भिंग बाजूला सारलं आणि नुसत्या डोळ्यांनी बघितलं. मग पुन्हा बघितलं.

“काय, आहे ना अख्खा?” वकील म्हणाला.

“फाटला होता.” आक्का शर्टावरची नजर न काढता म्हणाली. “खांद्यापासून कोपरापर्यंत. उसवलेला नाही, ओढून फाडलेला. रफूचा दोरा ह्याच शर्टाच्या आतल्या शिवणीतून काढलाय.”

“प्रयोगशाळेला दिसलं नाही ते तुम्हाला दिसलं? कशावरून?”

“हात माझा आहे. शेवटचा टाका उलटा आहे, बघा.”

मालकाचं नख कोरणं थांबलं. पोरीनं बाही सोडली आणि तोंड ओंजळीत धरलं.

न्यायाधीश पुढं वाकले. “हे रफू तुम्ही केलंत?”

“मी केलं. साहेबांच्या पुतणीचा शर्ट आहे म्हणाला, दाराच्या कडीत अडकून फाटला म्हणाला. त्याच आठवड्यात हे भिंग आलं घरात.” आक्कानं दिवा विझवला आणि भिंग बोटाच्या टोकानं टेबलाच्या पार पलीकडे ढकललं. मग तेच बोट ती रुमालाला पुसत राहिली.

“कोण म्हणाला? घाबरू नका, नाव सांगा.”

कुठंतरी किल्ल्या वाजत होत्या. आक्कानं पुडकं आणणाऱ्या कारकुनाकडे तोंड फिरवलं आणि त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं.

“सांगते की, साहेब. नाव मीच ठेवलंय त्याचं.”